मदत केव्हा पूर्ण होते?



पूर्व तिमोर हा कॅथलिकबहुल चिमुकला देश २००२ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे डॉक्टर मोजकेच होते. क्युबाने, स्वतः श्रीमंत नसतानाही, २००४ पासून तेथे डॉक्टर पाठवले. शिवाय शेकडो तिमोरी तरुणांना डॉक्टर केले. जागतिक निधीतून मच्छरदाण्या आल्या. तिमोरी आरोग्यसेवकांनी त्या गावोगाव पोहोचवल्या. २००६ साली मलेरियाचे २ लाखांवर रुग्ण असलेला हा देश २०२५ साली मलेरियामुक्त ठरला.

प्रभू येशूने पेत्राच्या सासूला हात धरून उठवले. तिचा ताप गेला आणि ती सेवा करू लागली. घेणारा देणारा झाला, की मदत पूर्ण होते. दाराशी आलेल्या गरजवंताच्या हातावर आपण काही ठेवतो. पण त्याचा हात धरून त्याला उठवतो का?