विहिरीचा दोर

नागपूरच्या महालातल्या आमच्या गल्लीत एक खोली सहा महिने रिकामी होती. तीन भाडेकरू आले. तिघांनाही ‘बाहेरचे’ म्हणून गल्लीनं नाही म्हणून सांगितलं. चौथा आला तेव्हा बैठक बसली. जन्मभर माग चालवलेले शेजारचे आजोबा सुपारी कातरत म्हणाले, “एक गोष्ट आयका.”

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा दिल्लीचा दरबार पाहून आला होता. १७०२ साली त्यानं नाग नदीकाठच्या बारा लहान वस्त्या जोडून हे शहर वसवायला घेतलं. ‘राजापूर बारसा’ म्हणत त्यांना. राजानं चहूकडून शेतकरी, कारागीर बोलावले. कोट आणि जुम्मा तलाव राजाच्या मुलाच्या, चांद सुलतानाच्या, काळातले. आधी आली ती माणसं.

पुढचं बखरीत सापडायचं नाही. ते आजोबांच्या आजीच्या तोंडचं.

बारांतल्या एका वस्तीत वैनगंगेपलीकडून विणकर आला. वस्ती म्हणाली, “विहीर एकच. तुझ्या सुताला खळ द्यायची तर आम्ही प्यायचं काय?” एका गोंड म्हातारीनं आपला दोर विहिरीत सोडला, पाणी लागलं तिथं गाठ मारली आणि दोर त्याच्या हाती दिला. “इतकं खण. पाणी लागते.”

पाणी लागलं. दोर त्याच्याच रहाटावर राहिला. दहा वर्षांत एकाचे तीन माग झाले, डोक्यावर पागोटं आलं.

मग एक तांबट आला. विणकर पागोटं सावरत म्हणाला, “विहीर एकच. उन्हाळ्यात आम्हालाच पुरत नाही.”

म्हातारी आता कमरेत वाकली होती. ती काही बोलली नाही. रहाटापाशी गेली, आपला दोर सोडवला, कोपर आणि अंगठ्यावर गुंडाळला. जुनी गाठ तशीच होती. दोर तिनं तांबटाच्या खांद्यावर टाकला.

आजोबा थांबले. कुणीतरी विचारलं, “मंग विणकराचं काय झालं?”

“काय होते बाप्पा? दुसरा दोर वळला त्यानं. सूत तर घरचंच होतं!”

हसू ओसरल्यावर बैठक गप्प झाली. माझी नजर चटईवर. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आलेले. समोरच्यांचे आणखी कुठून कुठून.

रविवारी त्या खोलीसमोर रिक्षातून शिलाई मशीन उतरलं. एका बाजूनं मीच धरलं होतं. चांगलंच जड होतं.