कोळसा संपल्यावर जमीन कोणाची?

आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मंदमर्री, बेल्लमपल्ली ही कोळशाची गावे २०१६ मध्ये मंचिर्याल जिल्ह्यात गेली. आपले तेलुगू शेजारी कोळशाला 'नल्ल बंगारम्', म्हणजे काळे सोने म्हणतात. त्याच मंदमर्रीत सिंगरेणी कंपनीने २८ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला आहे. धूर नाही, राख नाही. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो. कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदा १९५७ चा. कोळसा संपलेल्या अशा जमिनीवर सौर प्रकल्पही उभारता येतील, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले. ज्या कारणासाठी शेतकऱ्याची जमीन गेली, ते कारणच संपले. मग त्याचा हक्क पुन्हा जागा होत नाही काय?

मोबदला दिला, व्यवहार संपला, असे कोणी म्हणेल. पण ती खुशीची विक्री नव्हती. नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना 'सार्वजनिक हित' समजावतो. त्या हिताची किंमत दर वेळी एकाच घराने का मोजावी? शिवाय खाणीत हजारो हातांना काम होते; सौर पॅनेलांना मोजकी माणसे पुरतात.

खोदलेली जमीन परत मिळाली तरी तो तिथे काय पेरणार? म्हणून त्याला विजेच्या उत्पन्नात वाटा द्यावा, असे मला वाटते. याच तेलंगणात, पोचमपल्लीला, विनोबांनी १९५१ मध्ये जमीन मागितली होती, हिसकावली नव्हती. ज्याच्याकडून घेतले त्याला निदान विचारावे, एवढा विवेक नव्या उजेडाबरोबर यायला हवा.