खरी कमांड, खोटी कथा

सिनेमा-मालिकांतल्या हॅकिंगच्या दृश्यांना दहापैकी गुण देण्याची हल्ली पद्धतच पडली आहे. एखादा सुरक्षातज्ज्ञ कॅमेऱ्यासमोर बसतो, दृश्य मध्येच थांबवून पडद्यावरचा मजकूर वाचतो आणि निकाल देतो. ही कमांड खरी आहे. या आयपी पत्त्यात २५५च्या वरचा आकडा आहे, म्हणजे तो असूच शकत नाही. हे सॉफ्टवेअर असं चालत नाही. आमच्या क्षेत्रातल्या माणसांची जेवणाच्या टेबलावरची चर्चाही याच्या पलीकडे जात नाही. एकाच कीबोर्डवर दोघं बोटं आपटतात तो 'एनसीआयएस'मधला प्रसंग हसण्यासाठी आणि 'मिस्टर रोबॉट' ही मालिका नमस्कार करण्यासाठी, एवढ्यात तांत्रिक वास्तवाचा विषय संपतो. मला ही चर्चा फार उथळ वाटते. ती संगणकाच्या कामात आयुष्य घालवणारे लोक करतात, याचं अधिक वाईट वाटतं. कारण या लोकांना जे ठाऊक आहे ते पडद्यावरच्या कमांडपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

'शेवटी ती करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही; त्यांना या प्रश्नात रसच नाही. अशा कथांमधून गुन्हेगार धडे घेतात, ही भीतीही मी बाजूला ठेवतो. गुन्हेगारांना कादंबऱ्या वाचायची गरज पडत नाही. माझा वाद आहे तो कमांड तपासणाऱ्यांशी.

त्यांचं म्हणणं असं: लेखकाने खरं साधन, खरी त्रुटी, खरी अक्षरं दाखवली, तर त्याने आमच्या विद्येचा मान राखला आणि कथा तेवढी वास्तव झाली. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे २००३चा 'द मॅट्रिक्स रीलोडेड'. त्यातली नायिका ट्रिनिटी वीजकेंद्राच्या संगणकात शिरताना एनमॅप हे खरंखुरं साधन वापरते आणि एसएसएच प्रणालीतल्या, २००१ साली उघडकीला आलेल्या एका खऱ्या त्रुटीचा फायदा घेते. आमच्या लोकांना याचा केवढा आनंद झाला होता! तो आनंद मला समजतो. आपली गल्ली सिनेमात दिसली की होतो तसा तो आनंद आहे. पण गल्ली ओळखू आली म्हणून सिनेमा चांगला आहे, असं कोणी म्हणत नाही. ट्रिनिटी आत शिरते आणि शहराची वीज तिने सांगितल्याबरोबर जाते. त्या केंद्रात पाळीवर कोण आहे, त्याला काय दिसतंय, बिघाड आणि घातपात यांतला फरक त्याला कशावरून कळणार, यातलं काहीही कथेत नाही. दार खरं आहे, आत घर नाही.

'जुरासिक पार्क'चं उदाहरण याहून बोलकं आहे. १९९३च्या त्या सिनेमात लहान मुलगी संगणकासमोर बसते, त्रिमितीत उडत जाणारे ठोकळे पाहते, ही युनिक्स प्रणाली आहे हे ओळखते आणि दाराचं कुलूप चालू करते. आमच्या लोकांनी या प्रसंगाची वर्षानुवर्षं टर उडवली. मग कळलं की ते ठोकळे दाखवणारं सॉफ्टवेअर काल्पनिक नव्हतं; सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचं एफएसएन हे फायली पाहण्याचं खरं सॉफ्टवेअर होतं. लगेच निकाल फिरला, आणि हसणारेच आता इतरांना दुरुस्त करू लागले. मला प्रश्न पडतो, या नव्या माहितीने प्रसंगात काय बदललं? युनिक्स ओळखीचं असलं, तरी या उद्यानाची मांडणी कधी न पाहिलेल्या मुलीला हजारो फायलींतून नेमकी हवी ती फाइल दोन-चार मिनिटांत सापडते, ही अडचण होती तिथेच राहिली. कसोटी लावून निकाल उलटा झाला आणि दृश्याबद्दलचं आपलं आकलन तसूभरही हललं नाही, तर ती कसोटी मोजते तरी काय?

याच कथेच्या मूळ कादंबरीत, मायकेल क्रायटनच्या १९९०च्या पुस्तकात, एक प्रसंग आहे जो कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही. उद्यानातले प्राणी संगणक मोजतो. यादीप्रमाणे २३८ असायला हवेत, संगणक २३८ दाखवतो, सगळे निश्चिंत. मॅल्कम हा गणिती विचारतो की याहून जास्त प्राणी शोधायला सांगितलं तर? सांगून पाहतात. संगणक २९२ दाखवतो. प्राण्यांची पैदास चालू असते आणि कोणाला पत्ता नसतो. कारण साधं आहे. प्राणी मरतील किंवा पळतील, म्हणजे संख्या कमी होईल, एवढीच काळजी होती. म्हणून सॉफ्टवेअर अपेक्षित आकडा भरला की मोजणं थांबवायचं. आकडा वाढू शकतो, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

हा प्रसंग वाचून अंगावर काटा येत नाही असा प्रोग्रॅमर विरळा. इथे एकही कमांड नाही. कॅमेऱ्यांनी प्राणी ओळखून मोजावेत इतकी प्रगत यंत्रणा त्या काळी होती का, म्हणून तपासणारा यातले गुणही कापेल. पण सॉफ्टवेअर कसं चुकतं, हे मी कथेत इतक्या नेमकेपणाने मांडलेलं क्वचितच पाहिलं आहे. ते बंद पडून चुकत नाही. ते विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतं, आणि प्रश्न चुकलेला असतो.

मी स्वतः काम करत असलेल्या एका ठिकाणी रात्री पेमेंट अडकत होती आणि भिंतीवरचा डॅशबोर्ड हिरवागार होता. ग्राहकांचे फोन येत होते, आम्ही पुन्हा पुन्हा त्या हिरव्या चौकोनांकडे पाहत होतो आणि दोष बँकेच्या बाजूला असणार असं एकमेकांना सांगत होतो. शेवटी एकाने आलेखाखालची बारीक अक्षरातली वेळ वाचली. शेवटचं मोजमाप संध्याकाळचं होतं. आकडे गोळा करणारी सेवाच मरून पडली होती आणि डॅशबोर्ड इमानेइतबारे शेवटचं मिळालेलं मूल्य दाखवत होता. नवं काही आलं नाही तर रंग बदलायचा, असं कोणी त्याला सांगितलेलंच नव्हतं. सर्व्हरचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गाठीशी अशी एखादी रात्र असते. त्या रात्रीचा थरार थ्रिलरमध्ये का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

मोठ्या घटनांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २०१० साली उघड झालेल्या स्टक्सनेट या मालवेअरने इराणमधल्या नतांझ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवली, हे सर्वांना माहीत आहे. पण ती बिघडत असताना नियंत्रणकक्षाला नेहमीचीच मूल्यं दिसत राहतील अशी सोय त्यात होती. २०१६च्या फेब्रुवारीत बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेव्हा व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर गप्प होता आणि प्रिंटर बिघडला असेल असं कर्मचाऱ्यांना वाटलं. प्रिंटर बिघडतातच. चोरांना बँकेतल्या माणसांच्या सवयी कळल्या होत्या, म्हणून तर त्यांनी गुरुवारची रात्र निवडली. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, पुढचे दोन दिवस न्यूयॉर्कमध्ये. सिनेमातही हेच दिसतं. 'वॉरगेम्स' हा १९८३चा सिनेमा आजही टिकून आहे, तो त्यातल्या फोन-मोडेमच्या अचूक तपशिलामुळे टिकला असं तपासणारे सांगतात. मला ते पटत नाही. त्यातली खरी भीती अशी, की पडद्यावर दिसणारी क्षेपणास्त्रं खरी की खेळातली, हे सेनापतींना सांगता येत नाही. ९ नोव्हेंबर १९७९ला अमेरिकेतल्या नोराड या हवाई संरक्षण केंद्रात नेमकं हेच घडलं होतं: सरावासाठीचा हल्ला खऱ्या इशाऱ्याच्या पडद्यांवर उमटला होता.

तपासणाऱ्यांचं यावर एक उत्तर असतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, तपशील अचूक ठेवण्याची शिस्त असेल तर बाकीचं वास्तवही आपोआप येतं. 'मिस्टर रोबॉट' पाहा. पाहू. त्या मालिकेने खऱ्या तज्ज्ञांना हाताशी धरलं होतं, साधनं खरी दाखवली होती, हे मान्य. पण तिच्यातला मला सर्वांत सच्चा वाटणारा प्रसंग म्हणजे तुरुंगाबाहेर यूएसबी टाकण्याचा बेत फसतो तो. पोलीस ती उचलून संगणकाला लावतो आणि आतला उसना, सगळ्यांना ठाऊक असलेला कोड साध्या अँटिव्हायरसला सापडतो. इथे हॅकरना काय माहीत नव्हतं, यावर कथा वळते. साधन काल्पनिक असतं तरी प्रसंग उभा राहिला असता. उलट, तोच अचूक तपशील ठेवून बेत बिनबोभाट यशस्वी दाखवला असता तर आमच्या लोकांनी तेवढेच गुण दिले असते आणि प्रसंग मात्र मेला असता. शिस्तीतून वास्तव येतं, हे म्हणणं इथेच अडतं. शिस्त विकत मिळते. सल्लागार नेमला की कमांड बरोबर येतात. कोणाला, केव्हा, कशामुळे कळलं नाही, हे लेखकाला स्वतःच मांडावं लागतं.

म्हणून मला गुपित आणि अज्ञान यांत फरक करावासा वाटतो. गुपित कोणाकडे तरी असतं. खलनायकाकडे असतं, सरकारकडे असतं, कधी लेखक आपल्यापासून लपवतो. अज्ञान कोणाकडेच नसतं. ते दोन माणसांच्या किंवा दोन प्रणालींच्या मधल्या जागेत असतं, आणि दोन्हीकडचे लोक समजतात की दुसऱ्याने पाहिलं असेल. टेक्नोथ्रिलर हा प्रकार अज्ञानाचं सतत गुपितात रूपांतर करतो, कारण गुपिताला चेहरा असतो आणि शेवटी त्याला पकडता येतं. 'जुरासिक पार्क' म्हटलं की सर्वांना उद्यानाचा फितूर प्रोग्रॅमर नेड्री आठवतो, त्याने ठेवलेलं चोरदार आठवतं. ती मोजणी सिनेमात आलीच नाही.

गुपितं खऱ्या जगातही असतात, हे मी नाकारत नाही. २०२४ साली एक्सझेड या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून चोरदार घुसवलं होतं. थ्रिलरला शोभेल असाच डाव. पण तो उघड कसा झाला? आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता वेगळ्याच कामात असताना त्याला दिसलं की लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. हा अर्धा सेकंद कशाचा, हे आपल्याला माहीत नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. डाव रचणाऱ्याचं गुपित कितीही रंगवलं तरी कथेचा कणा तो अर्धा सेकंद आहे.

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग एका शनिवारी, काही तासांत गेला: २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. यावर कोणी मराठीत कादंबरी लिहिली तर कॅनडापासून हाँगकाँगपर्यंत धावणारी माणसं त्यात येणार, टोपीखाली लपलेले चेहरे येणार, आणि मालवेअरचं नाव बरोबर आहे की नाही हे आमच्यातले काही जण तपासून सांगणार. मला त्या कादंबरीत स्विच हवा आहे. एटीएमकडून आलेली विचारणा स्विचने बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न्यायची आणि खात्यात पैसे आहेत का ते विचारून उत्तर द्यायचं, ही रीत. हल्लेखोरांनी मध्ये दुसराच स्विच उभा केला आणि तो परस्पर होकार देत राहिला. एटीएमच्या दृष्टीने बँकेने हो म्हटलं होतं. बँकेच्या दृष्टीने कोणी काही विचारलंच नव्हतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. त्या शनिवारी या दोन खऱ्यांच्या मधली जागा कोणाच्या पडद्यावर दिसायला हवी होती आणि का दिसली नाही, हे ज्याला चार पानांत उभं करता येईल, त्याच्या कमांड मी तपासणार नाही.