हळदीचा खरा रंग

दिवाळीच्या सुट्टीत नातीसाठी एक उद्योग काढला. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला फासली, कागद वाळवला आणि साबणाच्या पाण्यात काडी बुडवून तिला त्यावर पणती काढायला सांगितले. पिवळ्यावर तांबडी पणती उमटली! एका कडेला लिंबाचा थेंब टाकला; तेवढे तांबडे पुन्हा पिवळे झाले. क्षाराने हळद लाल होते, आम्लाने मूळ रंगावर येते, असे मी समजावले. चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू होते, तेही याच न्यायाने.

"आजोबा, मग हळदीचा खरा रंग कोणता?"

मी गप्प झालो. थोरल्या बहिणीला मी जन्मभर तापट म्हणत आलो. दोन वर्षे भाऊबीजेलाही गेलो नाही. हळदीच्या अंगी काही नसते तर ती लाल झालीच नसती, हे खरे. पण साबणाचे पाणी कोणाच्या हातचे होते, हे मी कधी स्वतःला विचारले नाही. लिंबूही त्याच हातात होते.

"दोन्ही," मी नातीला म्हणालो.

यंदा ताईकडे जाणार आहे. ओवाळणीबरोबर तो कागदही नेईन.