कानी पडले ते कानी घालावे

सज्जनहो, एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. आडगावातल्या एखाद्या भजनी मंडळाचे भजन कानी पडले. चाल जुनी, टाळ एकजीव, शब्द स्वच्छ. आणि त्या मंडळाचे नाव चार कोसांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. अशा वेळी ते नाव चारचौघांत सांगावे की नाही? प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर वारकऱ्यांत दोन मते आहेत आणि दोन्ही जाणत्यांची आहेत.

आधी पूर्वपक्ष पाहू. पहिले म्हणणे असे की भजन पांडुरंगासाठी आहे. तो ऐकतो आहे, मग आणखी कोणी ऐकले नाही म्हणून काय उणे झाले? दुसरे म्हणणे याहून खोल आहे. स्तुतीने साधक घसरतो. आज पारावर गाणारी मंडळी उद्या मंडपात गाऊ लागली की लोक कुठे डोलतात ते पाहून चरण आळवतात. दोन सप्ताहांची आमंत्रणे आली की बिदागीचा विषय निघतो, बिदागीवरून मंडळ फुटते, आणि ज्या भजनाची आपण वाखाणणी केली ते भजनच उरत नाही. म्हणून चांगले सापडले तर ऐकावे, हात जोडावे आणि मुकाट्याने पुढे जावे, असे हे मत सांगते.

हे भय खोटे नाही. असे बिघडलेले फड कीर्तनाच्या निमित्ताने मी पाहिले आहेत. पण न बोलण्यानेही काही हानी होते, ती कोणी मोजत नाही.

गाथ्यात अभंगाचे शब्द छापलेले असतात, चाल छापलेली नसते. चाल कंठात राहते. काकड्याची एक चाल, गौळणीची एक चाल, पंचपदी म्हणण्याची एक तऱ्हा, अशी गावागावाची ठेव असते. ती एखाद्या म्हाताऱ्या विणेकऱ्याला येते आणि त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या चार टाळकऱ्यांना येते. पं. भीमसेन जोशी यांच्या संतवाणीने अभंग मोठमोठ्या सभागृहांत नेला. त्या गायनाने किती जण संतांच्या वाणीकडे वळले याची गणती नाही. ते उपकारच आहेत. पण पुढे गावोगावच्या पोरांनी त्याच चाली उचलल्या आणि घरची चाल मागे पडली. यात गायकाचा दोष नाही. दोष आपला, ऐकणाऱ्यांचा. त्या पोरांना कोणी येऊन सांगितले नाही की बाळांनो, तुमच्या आजोबांची चाल ऐकायला मी वीस कोस चालून आलो. असे एकाने जरी सांगितले असते, तरी एखादा पोरगा आजोबांच्या शेजारी टाळ घेऊन बसला असता. आजोबा गेले की चालही जाते, आणि तिचे दहावे-तेरावे कोणी घालत नाही.

आता आपली परंपरा काय सांगते ते पाहू. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात कोणत्या संताची वाणी कोणी लिहून घेतली याची यादीच आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, चोखोबांचे अनंतभट्टांनी. ज्या चोखोबांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांचे शब्द एक जण मांडी घालून उतरवून घेत होता. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. यांतल्या कोणीही असे म्हटले नाही की देव ऐकतो आहे, मग लिहायचे कशाला.

बहिणाबाई शिऊरकरांचे चरित्र आठवा. कोल्हापुरात असताना त्या जयरामस्वामींच्या हरिकथेला जात. त्या दिवसांतच तुकोबांची पदे त्यांच्या कानी पडली आणि ध्यास लागला. देहू कुठे आणि कोल्हापूर कुठे! ना छापखाना, ना ध्वनिक्षेपक. ती पदे कोणाच्या तरी कंठातून, कोणाच्या तरी पडशीतल्या वहीतून तिथवर गेली असतील. नेणाऱ्या त्या साऱ्यांची नावे आज सांगता येत नाहीत, पण त्यांनी मौन पाळले असते तर बहिणाबाई देहूला पोचल्या असत्या का?

म्हणून माझा सिद्धांत असा की सांगावे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. ऐकलेले दुसऱ्याच्या कानी घातले म्हणजे श्रवणच पुढे चालले. पण कसे सांगावे याला मर्यादा आहेत, आणि पूर्वपक्षाचे उत्तर त्या मर्यादांत आहे.

स्वतःच्या कानांनी ऐकले तेवढेच सांगावे. अमका म्हणतो म्हणून तमका चांगला, अशी उसनी स्तुती करू नये. नुसते फार छान असेही म्हणू नये. त्यांच्या काकड्याची चाल संथ आहे, मृदंग शब्दांवर चढत नाही, चरण म्हणणारा शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत चरण पोचवतो आणि मगच पुढचा उचलतो, असे नेमके सांगावे. म्हणजे ऐकायला जाणाऱ्याचाही कान तयार होतो.

ज्यात आपला लाभ आहे तिथे जीभ आवरावी. सप्ताहाच्या आयोजकाला गायक सुचवायचा आणि त्याच्या बिदागीत आपला वाटा ठेवायचा, ही रीत अलीकडे काही ठिकाणी बोकाळली आहे. त्याला शिफारस म्हणू नये, ती दलाली आहे.

स्तुती पाठीमागे करावी. निंदा आपण पाठीमागे करतो आणि स्तुती तोंडावर, हे उलटे आहे. गाणाऱ्याला त्याच्या तोंडावर थोर म्हटले तर अहंकाराला खतपाणी मिळते. त्याच्या पाठीमागे चार जणांना सांगितले तर त्याला एवढेच दिसते की आज चार माणसे जास्त येऊन बसली आणि धृपद भरून आले. त्याने कोणी बिघडत नाही.

आणि शक्य तोवर श्रोत्याला त्यांच्याकडे पाठवावे, त्यांना मंडपात ओढू नये. गाव सांगावे, देऊळ सांगावे, तिथी सांगावी. कार्तिकात पहाटे काकड्याला जा, एकादशीच्या जागराला जा. गेल्यावर मागे बसावे, टाळ मिळाला तर घ्यावा, न विचारता मोबाइल पुढे धरू नये. त्यांना बोलावलेच, तर मोठ्या कीर्तनकाराआधी उरलेली पंधरा मिनिटे देऊन बोळवण करू नये. जाण्यायेण्याचा खर्च द्यावा आणि पुरता वेळ द्यावा. आमंत्रण घ्यायचे की नाही, हा त्यांचा विवेक.

असे भजन कुठे सापडेल, असे विचाराल. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि मागे त्याहून कितीतरी अधिक. आपण आपल्या दिंडीपुरतेच ऐकतो. लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, कुठल्याही मुक्कामी समाजआरती झाली की तंबूंतून एक फेरी मारा. कंदिलासारखा एखादा मिणमिणता दिवा आणि आठ-दहा माणसे दिसली तर थांबा. पंढरीत वाळवंटात आणि पासष्ट एकरांतल्या राहुट्यांत थांबा. आयाबायांच्या हरिपाठ मंडळांना लोक सगळ्यांत शेवटी विचारतात; त्यांच्याकडे मुद्दाम थांबा.

भजन संपले की कोणालाही विचारा, माउली, गाव कोणते? ते नाव लिहून घ्या. आणि द्वादशीला पारणे सोडून घरी परतलात की प्रसादाच्या चुरमुऱ्यांबरोबर ते नाव निदान एका तरी माणसाला द्या.

रामकृष्णहरी.