बियाणे आणि शेरा

सरकारी दफ्तरात वावरणाऱ्या आम्हां मंडळींना ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शेऱ्यांखेरीज एक तिसरा शेराही चांगला परिचयाचा आहे. तो म्हणजे ‘तूर्त प्रलंबित ठेवावे’. त्याचा मोठा गुण असा की, त्याचा दोष कोणाच्याच माथी येत नाही. परंतु दोष माथी न येणे आणि निर्दोष असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? जनुक-परिवर्तित पिकांच्या नियमनाचा वाद वाचताना हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

वांग्याचेच उदाहरण घ्या. मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे एक जनुक वांग्यात घातले म्हणजे त्या झाडात असे प्रथिन तयार होते की, शेंडा व फळ पोखरणारी अळी ते खाऊन मरते. २००९ च्या ऑक्टोबरात केंद्रीय समितीने या वांग्यास मान्यता दिली. पुढे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवड स्थगित केली. स्थगितीची कारणे त्यांनी सविस्तर लिहून प्रसिद्ध केली, हे आम्ही त्यांच्या जमेच्या बाजूस धरतो. मात्र त्या स्थगितीस मुदत नव्हती. दीड दशक उलटले, ती कायम आहे. शेजारच्या बांगलादेशाने तेच जनुक असलेले वांगे २०१३ साली मान्य केले.

एक पक्ष म्हणतो, शेतात सोडलेले बियाणे परत बोलावता येत नाही. शंका आहे तोवर थांबावे. यात तथ्य आहे. २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता देताना कडेने साध्या कापसाच्या ओळी लावण्याची अट होती. कारण सगळे रान बीटीचे झाले तर अळी त्या विषाला सरावते. अट बहुतांशी कागदावरच राहिली. गुलाबी बोंडअळी सरावली आणि २०१७ साली तिने विदर्भाचा कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले.

दुसरा पक्ष म्हणतो, थांबण्यालाही किंमत पडते. वांग्यावर आज जी फवारणी होते, ती करणाऱ्याच्या श्वासातही विष जातेच. हेही खरे. शिवाय असले अन्न आपल्या घरात येतच नाही, असे मानणाऱ्यांनी सरकीच्या तेलाचा विचार करावा. देशातील नऊ-दशांशांहून अधिक कापूस आज बीटीचा आहे.

आमच्या मते नीतीचा प्रश्न येथे सुरू होतो. चुकीची परवानगी असो की चुकीची मनाई, दोहोंचा भुर्दंड शेतात राबणाऱ्यावर पडतो; सही करणाऱ्यावर सहसा पडत नाही. आपल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याने भोगायची असेल, तर आपल्यावर तीन ऋणे राहतात: कारण सांगणे, मुदत घालणे आणि घातलेली अट पाळली जाते की नाही, हे शेताच्या बांधावर जाऊन पाहणे. वांग्याच्या बाबतीत दुसरे ऋण फिटले नाही, कापसाच्या बाबतीत तिसरे.

शासन मौन धरते तेव्हा बाजार बोलू लागतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी, तणनाशक सोसणाऱ्या अमान्य कापसाची उघड लागवड केली. चोरून पेरणारे निराळेच. चोरबाजारातल्या पिशवीबरोबर पावती मिळत नाही. बियाणे फसले तर दाद कोणापाशी मागावी? संकरित मोहरीच्या प्रश्नावर २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. पण राष्ट्रीय धोरण हवे, यावर दोघांचेही एकमत होते.

थांबणे हे पाप नव्हे. चांगला वैद्यही कधी औषध न देता वाट पाहतो. मात्र का थांबलो हे तो रोग्याला सांगतो, कोणत्या दिवशी परत यायचे तेही सांगतो, आणि त्या दिवशी दवाखाना उघडा ठेवतो. ‘प्रलंबित’ या शेऱ्याखाली एवढे तरी लिहिलेले असावे, अशी अपेक्षा शेतकऱ्याने आपल्याकडून केली, तर ती फार मोठी आहे असे आम्हांस वाटत नाही.