नजर गेलेल्याचं आयुष्य कुणी मोजायचं?

डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी 1960 साली सिएटलमध्ये रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झालं. यंत्रं मात्र मोजकीच होती. ती कुणाला द्यायची हे ठरवायला सात जणांची समिती बसली. वकील, पाद्री, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. वय, मुलंबाळं, मिळकत, चर्चमधली हजेरी, सगळं तिथे तोललं जाई. नोव्हेंबर 1962 मध्ये शाना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’मध्ये त्यावर लिहिलं आणि एकच खळबळ उडाली.

त्या समितीवर नीतिशास्त्रात आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिच्या दारापर्यंत जे पोचलेच नाहीत, त्यांच्याबद्दल फार कमी.

ते म्हणजे मधुमेही. अमेरिकेत सुरुवातीची अनेक वर्षं त्यांना बहुतेक ठिकाणी वगळलंच जाई. मधुमेह मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो, तशाच डोळ्याच्या पडद्यातल्याही. त्यामुळे डायलिसिसला आलेल्या अनेकांची नजर आधीच अधू असे, आणि पुढे पडद्यात रक्त उतरलं की डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपारिनवर संशय जाई. 1972 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांवर एक लेख आला. त्याच्या मथळ्यातच ‘दुःखद सत्य’ होतं. त्यातले पुष्कळसे लवकर दगावत, हेही खरंच होतं. पण ‘आंधळं होऊन जगण्यात काय अर्थ?’ हा प्रश्न वैद्यकाचा नव्हे. तो दयेपोटी विचारला गेला, तरी त्याचं उत्तर डोळस माणसांनीच परस्पर देऊन टाकलं होतं.

डायलिसिसने नजर जाणारच, हा अंदाजही पुरता खरा ठरला नाही. मुख्य दोष हेपारिनचा नसून मधुमेहाचा आणि चढलेल्या रक्तदाबाचा, हे पुढे स्पष्ट झालं. लेझरने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 1976 साली मोठ्या चाचणीत दिसलं. आज अमेरिकेत डायलिसिसपर्यंत नेणारं पहिल्या क्रमांकाचं कारण मधुमेहच आहे.

डायलिसिसवर डोळ्यांना आजही जपावं लागतं. उपचार चालू असताना बीपी फार खाली आलं, तर दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून क्वचित नजर जाते. कॅल्शियम-फॉस्फेट साचून डोळे लाल होतात, चुरचुरतात.

डायलिसिसवरच्या, नजर गेलेल्या रुग्णाने स्वतःहून ‘आता बास’ म्हटलं, तर त्याचं ऐकलंच पाहिजे. मात्र त्याआधी त्याचा पडदा वेळेवर तपासला होता का, पांढरी काठी घेऊन चालायला कुणी शिकवलं का, आठवड्यातून तीनदा त्याला सेंटरवर आणायला कुणी आहे का, हे विचारणं डॉक्टरांचं आणि घरच्यांचं काम आहे.